दीड तास

महिन्याच्या वीस तारखेनंतर मी कुणाला आठवण करत नाही.
तेव्हा खिशात फक्त बसचं कार्ड उरलेलं असतं
आणि विम्याचं नाव काढलं की माणसं
घसा खाकरून उकाड्यावर बोलू लागतात.
पगार झाला की संध्याकाळी, सातनंतर,
पाय धुऊन चहा हातात आला असेल अशा बेतानं
निरोप टाकते. एकच ओळ. तारीख आधी, नमस्कार मागून.
वाचता येत नाही त्यांना आवाज पाठवते.
आवाजात घाई नको,
दूध वर यायला लागलं की आपण नुसतं
"अगं, गॅस" म्हणतो, तेवढंच.

पण मयेकरांच्या पोरीला तारीख कळत नव्हती.
अजमान, मासळी बाजाराच्या मागे, तिसरा मजला.
दिगंबर ड्राय डॉकमध्ये फोरमन, समिधा अजून बाळंतीण,
आणि एकोणीस दिवसांचा तो जीव, बिननावाचा.
जन्मल्यापासून तीस दिवसांत पॉलिसीत घालायचा.
तिसाव्या रात्री बाराला पोर्टल बंद.
पुढे ताप आला तर ताप खरा,
पोर मात्र कंपनीच्या लेखी जन्मलेलंच नाही.

"नावाचा रकाना रिकामा सोडता येत नाही," मी म्हटलं.
"नाव आत्या ठेवणार," दिगंबर म्हणाला.
आत्या तोंडवळीला.
आणि तोंडवळीत त्याच पहाटे थोरले चुलते गेले होते.

मी सोलापूरची. सुतक बोटांवर मोजता येतं मला.
एकोणिसावा तो पहिला. मग तेरावा म्हणजे
एकतिसावा.
पुन्हा मोजलं. एकतिसावाच.

मग आत्यालाही यादीत घातलं.
तेविसाव्या दिवशी एक ओळ. सव्विसाव्याला आवाज.
अठ्ठाविसाव्याला तिचाच फोन आला:
"तू कोण गो? विमो म्हंजे काय ता माका म्हायती आसा.
घोवाच्या विम्याचे पैशे तीन वर्सां फिरान गावले.
तेराव्याआधी नाव ठेवूचा नाय."
मागे कुणीतरी नारळ फोडत होतं.
मी काही बोलले नाही. बोलायला काय होतं?
तिचा नियम माझ्या नियमाहून जुना,
आणि दोन्हींत सवलतीचे दिवस नाहीत.

तिसाव्या दिवशी दुपारी, शारजाच्या सिग्नलला,
गाडीतल्या घड्याळाकडे बघता बघता लक्षात आलं.
मागच्याने हॉर्न मारला तरी मी तशीच.
तिच्याकडे बारा वाजतात तेव्हा आमच्याकडे साडेदहा.
तिची तारीख आधी बदलते!

आत्या बराच वेळ गप्प.
"दिस सूर्य उगावल्यार बदालता," ती म्हणाली.
मग म्हणाली, "पण पोराक ताप इलो तर सूर्याची वाट बगतलो?"
मग म्हणाली, "बाराक फोन लाव."

साडेदहाला समिधाने फोन पोरीच्या कानाशी धरला.
स्पीकरमधून समुद्राची खरखर, की लाइनचीच,
आणि त्यातून आत्याचं लांबलचक कुर्रर्र.
पोरीने जांभई दिली.
ज्ञानदा.
सगळे हसले, मी सोडून.
कारण ज्ञ ला इंग्रजीत किती अक्षरं लागतात
यावर नवराबायकोचं एकमत होईना.
डी की जी? वाय कुठे?
अकरा वीस. अकरा तेहतीस.
"पासपोर्टला लागेल तेच इथे," मी ओरडले,
आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईकावर ओरडले.
अकरा सत्तेचाळीसला चक्र फिरायचं थांबलं
आणि हिरवी खूण आली.

समिधाने वाटीभर शिरा दिला, गार झालेला.
जिन्यात मासळीचा वास, खाली कुणीतरी फरशी धूत होतं.

दुसऱ्या दिवशी आत्याचा निरोप.
मला वाटलं, आशीर्वाद असेल.
"माका रोज आठ वाजता रक्तदाबाच्या गोळयेची आठवण करशीत?
तुजो आवाज बरो आसा. भायलो वाटणा नाय."

तिचे आठ म्हणजे माझे साडेसहा.
यादीत तिच्या नावापुढे हप्त्याचा रकाना कोरा आहे.
मुदतीचाही.